२४० मिनिटांची वाटणी

व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये थोर प्रशिक्षक कोणाला म्हणावे असा प्रश्न निघाला, की बोलणाऱ्यांचे लक्ष आपोआप अजिंक्यपदांच्या मोजदादीकडे वळते, आणि फिल जॅक्सन यांची ११, रेड आउरबाख यांची ९, पॅट रायली व ग्रेग पॉपोविच यांची प्रत्येकी ५ अशी उतरंड एकदा रचून झाली, की वादाचा निकाल लागल्यासारखे सर्वांना वाटू लागते. या मोजदादीवर एक आक्षेपही ठरलेलाच असतो: जॅक्सन यांच्या पदरी जॉर्डन होते, पुढे ओ'नील आणि ब्रायंट होते, आउरबाख यांच्यापाशी रसेल होते, पॉपोविच यांच्यापाशी डंकन, एवढे बळ हाताशी असल्यावर कोणीही जिंकले असते. हा आक्षेप मला कधीच पटलेला नाही. जॉर्डन शिकागोच्या संघात १९८४ साली आले आणि त्या संघाला पहिले अजिंक्यपद मिळायला १९९१ साल उजाडले. ओ'नील आणि ब्रायंट १९९६पासून लॉस एंजलिसमध्ये एकत्र होते, परंतु जॅक्सन तेथे रुजू होईपर्यंत त्यांच्या हाती काही लागले नव्हते. प्रशिक्षकाच्या हातून काहीतरी घडते खास. ते नेमके काय, याचा शोध मी एका सरकारी खात्याच्या संघाला तालीम देण्यात घालविलेल्या माझ्या उमेदीच्या साऱ्या वर्षांत घेत आलो, आणि अमेरिकेतील या माणसांचे सामने, त्यांची चरित्रे व मुलाखती यांकडे वळलो तोही त्याच शोधापोटी.

तंत्र हे त्याचे उत्तर आहे असे पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतून बाहेर पडताना मी निःशंकपणे मानीत होतो, आणि तंत्राविषयीचा माझा आदर आजही रतीभर उणावलेला नाही. परंतु तंत्र हे झाकून राहणारे धन नाही, हे पुढे अनुभवाने कळत गेले. जॅक्सन यांच्या संघांनी ज्या त्रिकोणी आक्रमणाच्या बळावर लौकिक मिळविला, त्याची मांडणी त्यांचे वयोवृद्ध सहायक टेक्स विंटर यांनी १९६२ सालीच पुस्तकरूपाने जगापुढे ठेवली होती. ज्याला हवे त्याने ती वाचावी, इतकी ती उघड होती. आउरबाख यांच्या बॉस्टन सेल्टिक्सच्या मूळ चाली तर अवघ्या सात, आणि त्या प्रतिस्पर्ध्यांना तोंडपाठ होत्या. आज तर प्रत्येक संघाच्या दप्तरी प्रतिपक्षाच्या प्रत्येक सामन्याचे चित्रण हजर असते. जी विद्या सर्वांना सारखीच उपलब्ध आहे, तिच्यावरून एकाची थोरवी आणि दुसऱ्याचे सामान्यत्व ठरत नाही.

माझ्या मते ते ठरते मिनिटांच्या वाटणीवरून. अमेरिकेतील व्यावसायिक सामना ४८ मिनिटांचा असतो आणि कोर्टावर एका वेळी एका संघाचे पाच जण असतात; म्हणजे दर सामन्याला प्रशिक्षकाच्या हाती २४० मिनिटे येतात, आणि संघाच्या पटावर १५ जण असतात. आपल्याकडे आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे सामना ४० मिनिटांचा, पट १२ जणांचा आणि वाटायला २०० मिनिटे. हे भांडवल कोणत्याही उपायाने वाढत नाही. एकाला दिलेले प्रत्येक मिनिट दुसऱ्या कोणाकडून तरी काढून घेतलेले असते. शेतजमिनीची वाटणी एकदा झाली, सातबारावर नावे चढली, की निदान एका पिढीपुरता तंटा मिटतो. येथे ८२ सामन्यांच्या हंगामात ही वाटणी ८२ वेळा नव्याने करावी लागते, आणि ज्यांचे हिस्से कापले तेच हिस्सेदार दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच माणसापुढे तालमीला उभे राहायचे असतात. व्यावसायिक खेळाडूचा पुढचा करार, त्याचे मानधन, त्याच्या कारकिर्दीची मुदत, सारे या मिनिटांवर अवलंबून असते. आपल्याकडे खेळाडूंच्या कोट्यातून लागलेली नोकरी कायमची असते हे खरे. पण राज्याच्या संघातील निवड, बढतीच्या वेळचा शेरा आणि गावाकडे वर्तमानपत्रात छापून येणारे नाव यांचा हिशेब शेवटी मिनिटांपाशीच येऊन थांबतो. ज्याच्या वाटणीत तुटपुंजा हिस्सा आला तो खेळाडूही ज्याच्यासाठी जिवाचे रान करतो, तो प्रशिक्षक थोर, असे माझे मत दिवसेंदिवस दृढ होत गेले आहे.

या मताला एका प्रसंगाचा आधार आहे, तो सांगतो. आमच्या संघात एक अनुभवी गार्ड होता. चेंडू खाली आणणे, खेळाची गती ठरविणे, अडचणीच्या वेळी सर्वांना धीर देणे, हे सारे त्याच्याकडे होते, आणि पहिल्या पाचांत त्याचे नाव लिहिताना माझी लेखणी कधी अडखळली नव्हती. परंतु वय पायांत उतरू लागले होते. चौथ्या सत्रात, जेव्हा त्याच्या बुद्धीची सर्वांत अधिक गरज पडे, तेव्हाच त्याची छाती भरून येई. दुसरीकडे एक तरुण मुलगा वाऱ्यासारखा धावत होता, त्याला समज कमी होती, पण पहिली दहा मिनिटे तो प्रतिपक्षाला पळवून पळवून दमविण्यास समर्थ होता. एका अखिल भारतीय स्पर्धेच्या आधी मी निर्णय केला, आणि तो फळ्यावर लिहिण्यापूर्वी त्या गार्डाला सांगण्याचे ठरविले. तालीम संपून बाकीची मुले चहाला गेली होती. तो कडेच्या बाकावर बसून घोट्यावरची पट्टी सोडीत होता. मी शेजारी बसलो आणि पाल्हाळ न लावता सांगून टाकले.

पट्टी गुंडाळता गुंडाळता त्याने विचारले, "सर, पाय संपले का माझे?"

"पाय आहेत. पण ते तू पहिल्या दहा मिनिटांत खर्च करतोस, आणि शेवटच्या दहांत मला ते हवे असतात."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे मॅच सुरू तो करणार. संपवणार कोण?"

"तू."

"मग पोरांना तुम्ही नका सांगू सर. मी सांगतो."

आणि त्यानेच सांगितले, त्या तरुण मुलाच्या खांद्यावर हात ठेवून, सर्वांसमक्ष. त्या स्पर्धेत आम्ही कितवे आलो हे येथे गौण आहे. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की हुकूम माझा होता आणि संमती त्याची, आणि त्याच्या संमतीने माझ्या हुकमाला जे वजन आले ते मला स्वतःच्या अधिकाराने कधीच आणता आले नसते. त्या दिवसापासून मी शिरस्ताच पाडला, की ज्याची मिनिटे कमी करायची त्याला ती बातमी फळ्यावरून किंवा तिऱ्हाइताकडून कळता कामा नये. ती माझ्या तोंडून, एकान्तात, कारणासह कळली पाहिजे, आणि त्याला जे विचारायचे ते विचारण्यापुरता वेळ माझ्यापाशी असला पाहिजे.

हा माझा शोध आहे असे मात्र मी म्हणणार नाही. आउरबाख यांनी १९५०च्या दशकातच फ्रँक रॅम्झी यांना, आणि पुढे जॉन हॅव्हलिचेक यांना, पहिल्या पाचांत न घेता मागाहून उतरविण्याचा प्रघात पाडला, आणि सहावा खेळाडू ही जागा अप्रतिष्ठेची नसून मानाची आहे असे साऱ्या अमेरिकेला पटवून दिले. प्रतिपक्षाचे पहिले पाच दमले, की यांचा ताज्या दमाचा अव्वल खेळाडू कोर्टावर येई. बिल रसेल यांना तर त्यांनी आरंभीच सांगून ठेवले होते, की तुमच्या मानधनाचा विचार करताना तुम्ही किती गुण केले हा प्रश्न मी कधी काढणार नाही. मग रसेल यांनी आपले सारे सामर्थ्य बचावात आणि रिबाउंडमध्ये ओतावे यात नवल काय? २६ डिसेंबर १९६४ रोजी सेंट लुईसच्या सामन्यात आउरबाख यांनी पाचही कृष्णवर्णीय खेळाडूंना एकाच वेळी आरंभी उतरविले. अमेरिकेतील या व्यावसायिक लीगच्या इतिहासात असे पूर्वी कधी झाले नव्हते, आणि त्या काळच्या अमेरिकेत ही लहान गोष्ट नव्हती. परंतु आउरबाख यांनी तिचा डांगोरा पिटला नाही. उपलब्ध असलेल्यांत हे पाच उत्तम, एवढाच त्यांचा हिशेब होता. वाटणी गुणांवर होते अशी खात्री ज्या संघाला पटलेली असते, त्या संघात कुरबुर असली तरी कपट नसते.

ग्रेग पॉपोविच यांच्याविषयी लिहिताना माझी लेखणी थोडी सैल सुटते, कारण या माणसाने मला सर्वांत अधिक शिकविले. १९९६ ते २०२५ एवढ्या दीर्घ कालावधीत त्यांनी सान अँटोनियो स्पर्स या एकाच संघाचा कारभार पाहिला आणि नियमित हंगामात १,३९० सामने जिंकले. एवढे दुसऱ्या कोणाच्याही नावावर नाहीत. अर्जेंटिनाला अथेन्स ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळवून देणारे मानू जिनोबिली हे जगातील कोणत्याही संघात पहिल्या पाचांत शोभले असते. पॉपोविच यांनी त्यांना बेंचवरून उतरण्यास राजी केले, आणि २००८ साली सर्वोत्कृष्ट सहाव्या खेळाडूचा किताब जिनोबिली यांच्या नावे लागला. टिम डंकन हा संघाचा आधारस्तंभ, पण तालमीत पॉपोविच त्यांनाच सर्वांदेखत कठोर शब्द सुनावीत. आणि डंकन ते मुकाट्याने ऐकून घेत असल्यामुळे, पटावरच्या पंधराव्या माणसालाही आपल्यावर झालेल्या रागात अपमान वाटण्याचे कारण उरत नसे.

त्यांच्या कारकिर्दीतला २०१३च्या जून महिन्यातला तो आठवडा मात्र मी पुन्हा पुन्हा अभ्यासिला आहे. अंतिम मालिकेत मायामी हीटविरुद्ध स्पर्स ३-२ असे पुढे होते. १८ जूनच्या सहाव्या सामन्यात अर्ध्या मिनिटाहूनही कमी वेळ उरला असता पाच गुणांची आघाडी त्यांच्या हाती होती, आणि विजयसोहळ्यासाठी कोर्टाभोवती पिवळे दोर धरून माणसे उभी राहू लागली होती. आघाडी तीन गुणांवर आल्यावर, त्या शेवटच्या बचावाच्या वेळी, तीन गुणांची फेक अडविण्यासाठी चपळ माणसे हवीत म्हणून, पॉपोविच यांनी डंकन यांना बेंचवर घेतले होते. मायामीच्या जेम्स यांची फेक हुकली, परत आलेला चेंडू त्यांचे सहकारी बॉश यांनी उचलला, कोपऱ्यात मागे सरकणाऱ्या रे ॲलन यांच्याकडे दिला, आणि ५.२ सेकंद उरले असता ॲलन यांनी तीन गुणांनी बरोबरी साधली. जादा वेळेत स्पर्स १०३-१०० असे हरले. डंकन कोर्टावर असते तर तो चेंडू बॉश यांना मिळाला असता काय, असा प्रश्न मग सगळीकडून विचारला गेला. प्रशिक्षक म्हणून मला तो निर्णय योग्यच वाटतो. तो प्रसंग आला असता मीही तेच केले असते.

परंतु मला सांगायचे आहे ते त्यानंतरचे. त्या रात्री मायामीतील एका उपाहारगृहात संघासाठी जेवणाची बैठक आधीच राखून ठेवलेली होती, अर्थात विजय साजरा करण्यासाठी. अशा रात्री दुसरा कोणी असता तर त्याने ती रद्द करून प्रत्येकाला आपापल्या खोलीत जाऊ दिले असते. पॉपोविच यांनी उलट सर्वांना तेथेच नेले. स्वतः पुढे जाऊन टेबलांची मांडामांड पाहिली, आत येणाऱ्या प्रत्येकाला जवळ घेतले, आणि मग या टेबलावरून त्या टेबलावर जात पेले भरीत, विचारपूस करीत ते फिरत राहिले. आयुष्यभर विसरता येणार नाही असा पराभव होऊन काही घटकाच लोटल्या होत्या, आणि त्या पराभवातला सर्वांत वादग्रस्त निर्णय त्यांचा स्वतःचा होता. संघाचा प्रमुख त्या रात्री वाढप्याचे काम करीत होता, हे चित्र मला कोणत्याही अजिंक्यपदाच्या चषकाहून मोठे वाटते. सातवा सामनाही स्पर्स हरले. पुढच्या हंगामाच्या तालमी सुरू झाल्या तेव्हा त्यांनी सर्व खेळाडूंना एकत्र बसवून त्याच हरलेल्या सामन्यांचे चित्रण दाखविले, म्हणजे ज्याची वाच्यता कोणालाच करवत नव्हती ती गोष्ट सर्वांच्या समोर मांडली. आणि २०१४ साली त्याच मायामीला त्यांनी ४-१ असे हरविले. ज्यांनी ते सामने पाहिले त्यांना आठवत असेल, की त्या संघात चेंडू कोणाच्याही हातात क्षणभर रेंगाळत नव्हता.

जॅक्सन यांचा स्वभाव अगदी निराळा. ते खेळाडूंना वाचायला पुस्तके देत, संघ गडबडला तरी टाइमआउट न मागता स्तब्ध बसून राहत, आणि ज्याचा त्याने मार्ग काढावा अशी वाट पाहत. जॉर्डन यांनी १९९३च्या ऑक्टोबरात निवृत्ती घेतल्यावर संपूर्ण हंगामभर शिकागोचा भार स्कॉटी पिपेन यांनी वाहिला होता. तरीही १३ मे १९९४ रोजी न्यूयॉर्कविरुद्ध १०२-१०२ अशी बरोबरी असताना आणि १.८ सेकंद उरलेले असताना जॅक्सन यांनी अखेरची फेक टोनी कुकोच यांच्याकडे दिली आणि पिपेन यांना चेंडू आत फेकण्यास सांगितले. पिपेन रागावले आणि कोर्टावर उतरलेच नाहीत. कुकोच यांची फेक आत गेली, सामना जिंकला, आणि तरीही त्या संघाची खोली स्मशानासारखी झाली होती. येथे जॅक्सन यांनी जे केले ते मला अद्यापही थक्क करते: जे घडले त्याची जखम सर्वांना झाली आहे, ती तुम्हीच आपसात बोलून मिटवा, अशा अर्थाचे दोन शब्द सांगून ते खोलीबाहेर निघून गेले. आत बिल कार्टराइट हे ज्येष्ठ खेळाडू डोळ्यांत पाणी आणून पिपेन यांच्याशी बोलले. पिपेन यांनी सर्वांची क्षमा मागितली, आणि पुढचा सामना त्यांच्याच खेळावर शिकागोने जिंकला. प्रशिक्षकाने दंड केला असता, एका सामन्यापुरते निलंबन केले असते, तर कायद्याने कोणी त्यांना बोल लावला नसता. परंतु तो दंड त्यांचा झाला असता. संघाचा न्याय झाला नसता. माझ्या अधिकारात असताना मी खोलीबाहेर जाऊ शकलो असतो काय, हा प्रश्न मला पुष्कळदा पडतो, आणि त्या क्षणी बाहेर पडायला जेवढा आत्मविश्वास लागतो तेवढा आत थांबून ओरडायला लागत नाही, हे मात्र मी खात्रीने सांगतो.

स्टीव्ह कर हे जॅक्सन आणि पॉपोविच या दोघांच्याही हाताखाली खेळलेले. त्यामुळे या दोन्ही घराण्यांचे संस्कार त्यांच्यात एकत्र आले यात आश्चर्य नाही. २०१४ साली गोल्डन स्टेट वॉरियर्सची सूत्रे हाती घेताच त्यांनी आंद्रे इग्वाडाला यांना बेंचवर बसण्याची विनंती केली. इग्वाडाला यांनी तोवरच्या कारकिर्दीत खेळलेल्या साडेसातशेहून अधिक नियमित सामन्यांपैकी प्रत्येक सामना पहिल्या पाचांत खेळलेला होता. त्यांनी मान्य केले. पुढे २०१५च्या अंतिम मालिकेत क्लीव्हलँडविरुद्ध संघ १-२ असा मागे पडला असता, निक यूरेन नावाच्या २८ वर्षांच्या साहाय्यकाने, म्हणजे संघाच्या दरबारात अगदी शेवटच्या रांगेत उभे राहणाऱ्या माणसाने, आदल्या वर्षीचे स्पर्सचे सामने रात्री उशिरापर्यंत पाहून पहाटे तीनच्या सुमारास सहायक प्रशिक्षक लूक वॉल्टन यांना संदेश धाडला, की उंच अँड्र्यू बोगट यांच्या जागी इग्वाडाला यांना आरंभी उतरवावे. कर यांनी ते मानले, सामना १०३-८२ असा जिंकला, आणि या मसलतीचे श्रेय त्यांनी जाहीरपणे यूरेन यांना दिले. पुढचे दोन्ही सामनेही वॉरियर्सनी जिंकले, चाळीस वर्षांनी अजिंक्यपद आले, आणि मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान इग्वाडाला यांना मिळाला. लोक या कथेत यूरेन यांची हुशारी पाहतात. मला तीत बोगटही दिसतात: हंगामभर पहिल्या पाचांत असलेला तो खेळाडू चौथ्या सामन्यात तीनएक मिनिटे खेळला आणि पाचव्यात उतरलाही नाही, तरी त्या संघातून तक्रारीचा सूर बाहेर ऐकू आला नाही.

तेच लूक वॉल्टन पुढे सॅक्रामेंटो किंग्जचे मुख्य प्रशिक्षक म्हणून २०१९च्या ऑक्टोबरात मुंबईला आले. या किंग्जचे मालक विवेक रणदिवे हे जन्माने मुंबईकर. त्यांच्या संघाचे इंडियाना पेसर्सविरुद्धचे दोन सरावसामने वरळीच्या डोममध्ये झाले, तेव्हा मी प्रेक्षकांत होतो, आणि माझे जुने सोबती टाळ्या वाजवीत असताना माझी दृष्टी बहुतेक वेळ बेंचकडे होती. बदली होऊन खेळाडू बाहेर येई. लगेच एक सहायक त्याच्या शेजारी सरके, हातातल्या पडद्यावर त्याचीच मघाची हालचाल त्याला दाखवी, आणि तो खेळाडू टॉवेलने घाम पुसत, मान हलवीत, बोटाने काहीतरी खुणावीत राही. बाहेर आलेला मनुष्य खेळातून वजा झालेला नाही, याची त्याला पटणारी ती पावती होती. आपल्याकडे नागपाड्याच्या बच्चू खान मैदानासारख्या ठिकाणी, जेथे पैशाचा गंधही नव्हता पण खेळाचे वेड अफाट होते, तेथेही कडेला उभ्या असलेल्या पोरांचा आरडाओरडा खेळणाऱ्यांइतकाच सामन्याचा भाग असे. अब्बास मुंतसिर यांच्यासारखा भारताचा कर्णधार त्या मोहल्ल्यातून उगाच वर आला नाही.

पॉपोविच यांनी २०१४ साली बेकी हॅमन यांना पूर्णवेळ सहायक म्हणून नेमले, आणि ३० डिसेंबर २०२० रोजी पंचांनी पॉपोविच यांना सामन्यातून बाहेर काढले तेव्हा जाता जाता त्यांनी बोट दाखवून संघ हॅमन यांच्या स्वाधीन केला. नियमित हंगामातील सामन्यात पुरुषांच्या त्या लीगच्या संघाचे नेतृत्व एका स्त्रीने करण्याची ती पहिलीच वेळ. हॅमन पुढे लास व्हेगासच्या महिला संघाच्या प्रमुख झाल्या आणि २०२२ व २०२३ साली अजिंक्यपद जिंकल्या. महिलांच्या त्या लीगमध्ये सामना ४० मिनिटांचा, म्हणजे आपल्यासारखीच २०० मिनिटांची वाटणी. २०२५च्या ऑगस्टमध्ये मिनेसोटाकडून त्यांचा संघ तब्बल ५३ गुणांनी हरला आणि १४ विजय व १४ पराभव अशा अवस्थेत येऊन ठेपला. त्या हंगामात ज्युवेल लॉइड ही आपल्या आधीच्या संघाची मुख्य आघाडी सांभाळलेली नामांकित खेळाडू पहिल्या पाचांतून निघून बेंचवरून येऊ लागली होती. त्या ५३ गुणांच्या पराभवानंतर नियमित हंगामाचे उरलेले सोळाही सामने लास व्हेगासने जिंकले, आणि अंतिम मालिकेत प्रतिपक्षाला एकही सामना न देता तिसरे अजिंक्यपद घेतले. पॉपोविच यांच्या खात्यावर १,३९० विजय आहेत. हॅमन यांची ही तीन अजिंक्यपदे त्याच खात्यात अंशतः तरी जमा धरली पाहिजेत, असे मी मानतो.